न झालेल्या विजयाची सनद

अमेरिकेने शीतयुद्ध जिंकले, हे वाक्य आता इतक्या सवयीने लिहिले जाते की ते एक विधान आहे, त्याला पुरावा लागतो आणि त्याचा प्रतिवादही करता येतो, याचे भान लिहिणाऱ्यास राहिलेले दिसत नाही. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत ते आहे, निवृत्त राजदूतांच्या व्याख्यानांत आहे, आणि वॉशिंग्टनमधील घडामोडींवर आपल्याकडे जे अग्रलेख निघतात त्यांच्या पहिल्याच परिच्छेदात, चर्चेपूर्वीच निकालात निघालेली बाब म्हणून, ते ठाण मांडून बसलेले असते. या वाक्याशी माझा वाद आहे, आणि तो केवळ इतिहासलेखनातील काटेकोरपणासाठी नाही. या एका वाक्याच्या बळावर पुढल्या दहा वर्षांतील अमेरिकी परराष्ट्रनीतीचे समर्थन आणि तिच्या अपयशाची सबब अशी दोन्ही कामे उरकली जातात. मला ती दोन्ही अमान्य आहेत.

पूर्वपक्ष त्याच्या पुरस्कर्त्यांना नाकारता येणार नाही अशा शब्दांत मांडायचा तर तो असा. १९८१ साली रोनाल्ड रेगन अध्यक्ष झाले. त्यांनी संरक्षणखर्च भरमसाट वाढविला, सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हणून संबोधिले, मार्च १९८३ मध्ये अंतरिक्षातून क्षेपणास्त्रे पाडण्याची योजना जाहीर केली. या शर्यतीत धावता धावता मॉस्कोचा खजिना रिता झाला, मिखाइल गोर्बाचेव्ह यांना शस्त्र खाली ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि २५ डिसेंबर १९९१ रोजी क्रेमलिनवरील लाल निशाण उतरले. त्यानंतर, असे हे लोक पुढे सांगतात, विजेता विसावला. दहा वर्षे अमेरिका इतिहासापासून जणू रजेवर गेली, आणि त्या रजेची किंमत तिला ११ सप्टेंबर २००१ रोजी मोजावी लागली. कथा सुटसुटीत आहे. तिला नायक आहे, शत्रू आहे, पराक्रम आहे आणि शेवटी गाफीलपणाची शिक्षाही आहे. बखरकाराला याहून अधिक काय हवे?

परंतु सनावळी तपासू लागले की बखर डळमळते. रेगन यांची जहाल भाषा १९८३ सालची. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नाटो राष्ट्रांनी अणुयुद्धाची जी तालीम केली तिच्यामुळे मॉस्कोत खरोखरीची घबराट उडाली होती. १६ जानेवारी १९८४ रोजी, म्हणजे गोर्बाचेव्ह सत्तेवर येण्याच्या जवळजवळ चौदा महिने आधी, याच रेगन यांनी दूरचित्रवाणीवरून केलेले भाषण ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. इव्हान आणि आन्या हे रशियन जोडपे, जिम आणि सॅली हे अमेरिकन जोडपे, दोघे पावसात अडकून एका आडोशाखाली एकत्र आले आणि भाषेची अडचण दूर झाली, तर ते आपापल्या राजवटींविषयी वाद घालतील की मुलाबाळांविषयी आणि पोटापाण्याविषयी बोलतील, असा प्रश्न त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला होता. हे भाषण शर्यत जिंकू पाहणाऱ्याचे नव्हे. पुढे १९८५ साली जिनिव्हा आणि १९८६ च्या ऑक्टोबरात रेक्याविक येथे रेगन व गोर्बाचेव्ह समोरासमोर बसले. रेक्याविकला तर सर्व अण्वस्त्रे नष्ट करण्याच्या गोष्टीपर्यंत मजल गेली आणि अंतरिक्ष-योजनेच्या चाचण्या प्रयोगशाळेपुरत्या ठेवाव्या की नाही या एका मुद्द्यावर बैठक मोडली. ८ डिसेंबर १९८७ च्या करारान्वये २,६९२ क्षेपणास्त्रे मोडीत निघाली. त्यांपैकी १,८४६ सोव्हिएत व ८४६ अमेरिकन होती. मे १९८८ मध्ये रेगन मॉस्कोत असताना वार्ताहरांनी त्यांना दुष्ट साम्राज्याची आठवण करून दिली, तेव्हा ती भाषा वेगळ्या काळातील होती, असे त्यांनी सरळ सांगून टाकले. ज्याला आपण विजयाचा शिल्पकार म्हणतो तोच विजयाची भाषा टाकून देत असेल, तर त्याच्या भक्तांनी निदान त्याची साक्ष तरी ग्राह्य धरावी.

खजिना रिता झाल्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो सरसकट खोटा नाही. अफगाणिस्तानात अमेरिकी शस्त्रांनी सोव्हिएत सैन्याचे रक्त सांडले व खर्च वाढविला हे मान्यच केले पाहिजे. पण अंतरिक्ष-योजनेच्या धसक्याने मॉस्कोने संरक्षणखर्चाची एकाएकी बरसात केली, या कथेच्या मुळाशी जो पुरावा हवा तो सापडत नाही. अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्याच्याच विश्लेषकांचा हिशेब असा होता की सोव्हिएत लष्करी खर्चाची वाढ सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासूनच मंदावून सालीना दोन टक्क्यांच्या आसपास आली होती. अर्थव्यवस्था कुजत होती ती स्वतःच्या नियोजनाच्या ओझ्याखाली. तिच्यावर १९८६ साली दोन घाव एकदम पडले. तेलाचे भाव कोसळले, आणि एप्रिलात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. दिवाळखोर राज्यसंस्था अशा वेळी काय करते, हा मात्र अर्थशास्त्राचा प्रश्न उरत नाही. तो राज्यकर्त्याच्या निर्णयाचा होतो. उत्तर कोरिया गेली तीस वर्षे दिवाळखोर आहे, तरी तिने शस्त्रे टाकलेली नाहीत. गोर्बाचेव्ह यांनी ७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात उभे राहून पाच लाख सैनिक एकतर्फी कमी करण्याचे जाहीर केले, आणि पुढील वर्षी वॉर्सा, बुडापेस्ट, लाइपझिग येथे रणगाडे पाठविले नाहीत. ४ जून १९८९ च्या निवडणुकीत पोलंडच्या मतदारांनी जे केले, ११ सप्टेंबरला हंगेरीने सीमा खुली करून जे केले आणि ९ ऑक्टोबरला लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे सत्तर हजार लोकांनी गोळीबाराची शक्यता डोळ्यांसमोर असताना जे केले, ते सारे वॉशिंग्टनच्या जमाखर्चात विजय म्हणून मांडायचे, ही त्या लोकांच्या धैर्याची उघड लूट आहे.

आणि त्या वेळी वॉशिंग्टनची मसलत तरी काय होती? बर्लिनची भिंत पडल्यावर रेगन यांचे उत्तराधिकारी जॉर्ज बुश यांनी जाणूनबुजून जल्लोष टाळला. डिसेंबर १९८९ मध्ये माल्टाच्या वादळी बंदरात गोर्बाचेव्ह यांच्याशी झालेली त्यांची भेट दोन समान पक्षांची भेट होती. १ ऑगस्ट १९९१ रोजी तर ते युक्रेनच्या विधिमंडळापुढे गेले आणि स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या त्या सभासदांना त्यांनी आत्मघातकी राष्ट्रवादापासून सावध राहण्याचा उपदेश केला. अमेरिकी वृत्तपत्रांत त्या भाषणाची चांगलीच टर उडविली गेली. चार महिन्यांनी त्याच युक्रेनमधील नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. ८ डिसेंबरला बेलोवेझच्या जंगलातील शिकारी बंगल्यात रशिया, युक्रेन व बेलारूसच्या नेत्यांनी सोव्हिएत संघ मोडल्याचा दस्तऐवज केला आणि रशियाचे येल्त्सिन यांनी ती बातमी गोर्बाचेव्ह यांच्याआधी बुश यांना दूरध्वनीवरून कळविली, तेव्हा बुश हे ती बातमी ऐकणारे होते, घडविणारे नव्हते. ज्या परिणामाला आपण शेवटपर्यंत विरोध केला तो आपला विजय होता असे म्हणण्यास काही विशेष प्रकारची छाती लागते.

ती छाती निवडणुकीने पुरविली. आखाती युद्धानंतर मार्च १९९१ मध्ये बुश यांची लोकप्रियता नव्वद टक्क्यांना टेकली होती; वर्षअखेरीस मंदीने ती पार खालावली, आणि न्यू हॅम्पशरमध्ये त्यांच्याच पक्षाचे पॅट्रिक ब्यूकॅनन प्रथम अमेरिका अशी हाळी देत त्यांच्याविरुद्ध उभे ठाकले. २८ जानेवारी १९९२ रोजी काँग्रेसपुढील वार्षिक भाषणात, प्राथमिक मतदानाला तीन आठवडे उरले असता, बुश यांनी सांगितले की ईश्वरकृपेने अमेरिकेने शीतयुद्ध जिंकले आहे. सभागृह उभे राहिले. सबंध उन्हाळाभर त्यांच्या पक्षाचे वक्ते त्या वाक्यापुढे आपापल्या नावाचा टिळा लावीत हिंडले, आणि अखेर ज्यांच्या १९४६-४७ सालच्या लेखनातून सोव्हिएत संघाला आवर घालण्याची नीती जन्मास आली त्या जॉर्ज केनन यांनीच ऑक्टोबरात वृत्तपत्रातून त्यांना सुनावले, की शीतयुद्ध कोणत्याही देशाने, पक्षाने वा व्यक्तीने जिंकलेले नाही. १९८७ ते १९९१ या निर्णायक वर्षांत मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत असलेले जॅक मॅटलॉक यांनीही पुढे पुस्तकेच्या पुस्तके लिहून हेच सांगितले: शीतयुद्ध वाटाघाटींनी, उभय पक्षांच्या हिताने आणि सोव्हिएत संघ मोडण्यापूर्वीच संपले होते. अमेरिकी मतदाराने तर वाक्यकर्त्याला ३७ टक्क्यांच्या घरात मते देऊन घरी पाठविले. वाक्य मात्र मागे राहिले, आणि ते आमच्या अग्रलेखकारांच्या वाट्याला आले.

एवढा खल कशासाठी, असे कोणी विचारील. तर तहाने दोन्ही पक्ष बांधले जातात आणि विजयाने एकच पक्ष बांधला जातो, एवढ्यासाठी. १७८२ च्या सालबाईच्या तहाला इंग्रजांचा विजय असे कोणी मराठी इतिहासकार म्हणणार नाही; म्हटले, तर त्या तहाने इंग्रजांवर टाकलेली बंधने त्याला गाळावी लागतील. १९९० साली हेच घडले. ९ फेब्रुवारी १९९० रोजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याशी बोलताना नाटोची हद्द पूर्वेस एक इंचही सरकणार नाही अशी भाषा केली. ती भाषा कोणत्याही तहनाम्यात उतरली नाही, हे खरे. पूर्व युरोपातील राष्ट्रांनी नाटोत येण्याचा आग्रह स्वतः धरला, १९९३ च्या एप्रिलात चेक व पोलिश अध्यक्ष हॅवेल व वॉवेन्सा यांनी अध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेऊन तो धरला, आणि तसा आग्रह धरण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, हेही खरे. माझा आक्षेप त्यांच्या प्रवेशाला नाही. ज्याच्याशी बोलणी करून युद्ध संपविले त्याला नव्या व्यवस्थेत कोणते स्थान असावे, हा प्रश्न वॉशिंग्टनने गंभीरपणे विचारलाच नाही, कारण पराभूताला स्थान विचारायचे नसते, एवढेच माझे म्हणणे आहे. केनन यांनी १९९७ साली या विस्ताराला घातक चूक म्हटले. ३० एप्रिल १९९८ रोजी सेनेटने तो ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर केला. यावरून कोणी २०२२ सालच्या युक्रेनवरील आक्रमणाला मी कारण पुरवीत आहे असा अर्थ काढील, म्हणून स्पष्ट सांगतो: ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याची हमी रशियाने स्वतःच्या सहीने दिली होती, आणि ती मोडणाऱ्याला वॉशिंग्टनच्या कोणत्याही चुकीमागे लपता येणार नाही.

मदतीच्या बाबतीतही विजयाच्या कल्पनेने असेच हात आखडले. सोव्हिएत अण्वस्त्रे मोडीत काढण्यासाठी सेनेटर नन व लुगर यांनी १९९१ च्या अखेरीस जो निधी मंजूर करून घेतला तो त्या दशकातील बहुधा सर्वांत शहाणपणाचा खर्च होता. पण तो अपवादच. १९४८ नंतरच्या चार वर्षांत पश्चिम युरोपवर सुमारे १३ अब्ज डॉलर खर्चिणाऱ्या देशाने १९९२ साली रशियापुढे जे ठेवले ते इतके तुटपुंजे होते, की रिचर्ड निक्सन यांच्यासारख्या कम्युनिस्टद्वेष्ट्याने टिपण लिहून त्याचे वाभाडे काढले. सोव्हिएत काळाच्या अखेरीस रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान चौसष्ट वर्षांच्या आसपास होते ते १९९४ पर्यंत अठ्ठावन्नच्याही खाली घसरले. शांततेच्या काळात एखाद्या शिक्षित, औद्योगिक राष्ट्रात असे घडावे ही सामान्य गोष्ट नव्हे.

विजयाची ही समजूत आपल्या दारापर्यंत कशी आली, हे आपल्याकडील पुरस्कर्ते क्वचितच सांगतात, म्हणून सांगतो. ८ मार्च १९९२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने पेंटागॉनच्या दप्तरातील एक मसुदा उघड केला. डिक चेनी तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि मसुदा पॉल वुल्फोविट्झ यांच्या विभागातला होता. नवा प्रतिस्पर्धी कोठेही उभा राहू न देणे हे त्याचे सूत्र; आणि दक्षिण आशियापुरते त्यात असे कलम होते की शेजारी राष्ट्रांवर व हिंदी महासागरावर वर्चस्व गाजविण्याच्या भारताच्या आकांक्षांना आळा घालावा. त्या दिवशी आपले संरक्षणमंत्री शरद पवार होते आणि देशाची परकीय गंगाजळी नुकतीच सोने गहाण टाकून सावरली होती. वर्चस्वाची आकांक्षा धरण्याजोगी ती घटका नव्हती. गवगवा झाल्यावर मसुद्याची भाषा सौम्य केली गेली. पण दोनच महिन्यांनी, मे १९९२ मध्ये, इस्रो आणि रशियाची ग्लावकॉसमॉस या दोन संस्थांवर अमेरिकेने दोन वर्षांचे निर्बंध लादले. कारण क्रायोजेनिक इंजिन आणि त्याचे तंत्रज्ञान देण्याचा १९९१ सालचा करार. क्षेपणास्त्र-प्रसाराला आळा, ही दिलेली सबब. ज्या इंजिनात उणे दोनशे अंशांच्याही खालचे द्रव इंधन उड्डाणाच्या तोंडावर तासन्‌तास भरावे लागते ते शत्रूवर अकस्मात डागायच्या क्षेपणास्त्राला कसे उपयोगी पडणार, याचे उत्तर कोणी दिले नाही. आणि असेच इंजिन विकण्याचा देकार आधी एका अमेरिकी कंपनीनेही भारताला दिला होता, याची आठवणही कोणी काढली नाही. १९९३ साली येल्त्सिन सरकार नमले. तयार इंजिने मिळाली, तंत्रज्ञान मिळाले नाही. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावरील आपले पहिले यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी झाले. अमेरिकेच्या विजयाचा उत्सव पुण्या-मुंबईच्या अग्रलेखांतून साजरा करणाऱ्यांनी या दोन दशकांचाही हिशेब मांडावा.

आता रजेची गोष्ट. ही पूर्वपक्षाची सर्वांत लाडकी आणि सर्वांत दुबळी बाजू आहे. ज्या दशकात अमेरिकेने सोमालियात सैन्य उतरविले व ३ ऑक्टोबर १९९३ रोजी मोगादिशूत अठरा माणसे गमावून मागे घेतले, हैतीत उतरविले, बोस्नियात विमाने धाडली, इराकच्या आकाशावर सालोसाल गस्त घातली, इराकी जनतेवरील आर्थिक कोंडी दशकभर रेटली, क्यूबाशी व्यवहार करणाऱ्या तिऱ्हाईत देशांच्या कंपन्यांनाही आपल्या कायद्याखाली ओढले, त्या दशकाला विश्रांती म्हणणे हा शब्दांचा छळ आहे. एकदाच ती खरोखर स्वस्थ बसली: १९९४ साली रवांडात लक्षावधी लोकांची कत्तल चालू असताना तिचे अधिकारी वंशविच्छेद हा शब्द टाळण्याची शिकस्त करीत होते. पण त्या स्वस्थतेचे दुःख रजेचा सिद्धान्त मांडणारे करीत नाहीत. त्यांचे दुःख शस्त्र कमी वापरल्याचे आहे. माझी तक्रार अशी की शस्त्र वापरण्याचा निर्णय कोणी घ्यायचा याची राज्यघटनेने लावलेली व्यवस्था याच दशकात, विजयाच्या धुंदीत, मोडकळीस आली.

शीतयुद्धाच्या चाळीस वर्षांत अध्यक्षाने काँग्रेसला विचारण्यास सवड नसते, कारण क्षेपणास्त्र अर्ध्या तासात येते, ही सबब निदान ऐकून घेण्याजोगी होती. शत्रू संपल्यावर ती सबबही संपावयास हवी होती. १२ जानेवारी १९९१ रोजी आखाती युद्धापूर्वी सेनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी संमती दिली तेव्हा ती संपेल असे वाटलेही होते. आठ वर्षांनी कोसोवोत काय झाले ते पाहा. २४ मार्च १९९९ पासून, सुरक्षा समितीच्या ठरावाविना, बॉम्बफेक सुरू होती. २८ एप्रिलला प्रतिनिधीगृहात एकाच दिवशी चार प्रस्ताव आले. परवानगीविना भूदल पाठवू नये, हा २४९ विरुद्ध १८० मतांनी संमत झाला. सैन्य मागे घ्यावे, हा १३९ विरुद्ध २९० मतांनी पडला. युद्ध पुकारावे, याच्या बाजूने दोन मते पडली आणि विरुद्ध ४२७. आणि हवाई हल्ल्यांना पाठिंबा द्यावा, या प्रस्तावावर २१३ विरुद्ध २१३ अशी बरोबरी होऊन तोही नियमाप्रमाणे बारगळला. म्हणजे जगातील सर्वांत बलाढ्य लोकशाहीच्या प्रतिनिधींनी त्या दिवशी युद्धाला हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही, ते थांबविले नाही व चालूही ठेवले नाही. आणि ते जूनच्या दहा तारखेपर्यंत, एकूण ७८ दिवस, चालले. मधल्या मे महिन्यात त्याच सभागृहाने खर्चाची पुरवणी मागणी मात्र मागितल्याहून मोठ्या रकमेची मंजूर केली. अण्वस्त्रचाचणीबंदीचा करार त्याच वर्षीच्या १३ ऑक्टोबरला सेनेटने ५१ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला; पोखरणनंतर त्या करारावर सही करण्याचा सल्ला आपल्याला देण्यासाठी अमेरिकी मुत्सद्दी दीड वर्ष येरझारा घालीत होते, हे जाता जाता.

हवाई हल्ला हे परराष्ट्रनीतीचे साधन राहिलेले नसून गृहराजकारणाशी एकाच दिनदर्शिकेवर नांदणारी बाब झाली होती, याचा नमुना त्याआधीच्या डिसेंबरात दिसला. १६ डिसेंबर १९९८ रोजी इराकवर बॉम्बफेक सुरू झाली. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाची चर्चा दुसऱ्या दिवशी व्हावयाची होती, ती एक दिवस पुढे ढकलली गेली. १९ डिसेंबरला सभागृहाने दोन कलमांखाली महाभियोग मंजूर केला आणि त्याच रात्री बॉम्बफेक थांबविल्याची घोषणा झाली. त्यामागे हेतू काय होता याबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मी हेतूच्या चर्चेत शिरत नाही. दोन्ही कामे एकमेकांना अडथळा न करता एका आठवड्यात उरकली, एवढे पुरे आहे.

युद्धाचा निर्णय टाळणाऱ्या याच काँग्रेसने सैनिकांना मात्र स्वतःहून एक कागद दिला. शीतयुद्धकाळात सेवा केलेल्या कोणाही सैनिकाला वा सरकारी कर्मचाऱ्याला अर्ज केल्यास प्रमाणपत्र मिळण्याची तजवीज १९९८ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यात झाली. त्यासाठी शीतयुद्धाचा काळ २ सप्टेंबर १९४५ ते २६ डिसेंबर १९९१ असा ठरला. सरकारी भाषेने त्यात विजयाची सनद दिली नाही, सेवेची कदर केली. फडातील कारकुनाला जे कळले ते वक्त्यांना कळले नाही.

आणि त्या तथाकथित रजेच्या काळातच, ३१ ऑक्टोबर १९९८ रोजी, इराकमधील राजवट बदलणे हे अमेरिकेचे धोरण असावे असे सांगणारा कायदा क्लिंटन यांच्या सहीने झाला. प्रतिनिधीगृहात त्याला ३६० विरुद्ध ३८ मते पडली होती आणि सेनेटने तो एकमताने संमत केला होता. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर स्वारी करण्याचा अधिकार धाकट्या बुश यांना देणारा ठराव झाला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत आधार म्हणून १९९८ चा हा कायदा नावानिशी नमूद केलेला आहे.